'टू मीट यू' की 'टू मीटिंग यू'? ते आयएनजीचं एकदाचं समजावा कोणीतरी

ऐरोलीकरीण:
नमस्कार मंडळी. मी मराठी मिडीयमची, महापेला जॉबला आहे. काल ऑफिसात पोपट झाला. क्लायंटच्या मेलमध्ये शेवटी लिहिलं 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' आणि मॅनेजरने ते 'टू मीटिंग यू' करून सगळ्यांना सीसीत ठेवून परत पाठवलं. आता शाळेत बाईंनी घोकून घेतलेलं की टूच्या पुढे क्रियापद जसंच्या तसं आणि आयएनजी म्हणजे चालू काळ, मग इथे चालू काय आहे? भेट तर पुढच्या मंगळवारी आहे! गूगलवर जेरंड जेरंड करून लांबलचक याद्या देतात, ऐरोलीला ट्रेनमध्ये चढल्यापासून वाचत होते, कोपरखैरण्याला उतरले तेव्हा डोकं कोरं. कोणी आपल्या भाषेत सांगेल का?

कळवा_साईड:
सिंपल आहे ताई, आयएनजी दिसलं की जेरंड. पाठ करा, विषय संपला.

नौपाड्याचे_काका:
कळवाभाऊ, विषय इतक्यात नाही संपत. 'शी इज स्विमिंग' म्हणजे ती पोहतेय, हे क्रियापदच, जेरंड नाही. 'स्विमिंग इज गुड एक्सरसाइज' म्हणजे पोहणं हा चांगला व्यायाम, इथे पोहणं हे नाम झालं, हा जेरंड. मराठीत करून बघायचं, 'णं' आलं तर जेरंड, 'त', 'ती', 'णारा' असलं काही आलं तर नाही. रनिंग ट्रेन म्हणजे धावती गाडी, तिथे जेरंड नाही. स्विमिंग पूल मात्र पोहण्याचा तलाव. पोहणारा तलाव नव्हे, आमच्या ठाण्यात तलाव पुष्कळ, पण पोहणारा एकही बघितला नाही 😄

आता ताईंचा मेल. बाई चुकीचं शिकवत नव्हत्या, अर्धं शिकवलं. टू दोन प्रकारचे. एक 'आय वॉन्ट टू गो' मधला, तो क्रियापदाच्या मागे चिकटतो. दुसरा म्हणजे शब्दयोगी अव्यय, आपल्या 'ला', 'कडे' सारखा, तो नामाशीच जातो. कुठला कसा ओळखायचा तर टूच्या पुढे साधं नाम ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू द वीकेंड' चालतं ना? म्हणजे तिथे नामाची जागा आहे, मग क्रियापद घालायचं असेल तर त्याला आयएनजी लावून नाम करूनच घालावं लागणार. 'आय वॉन्ट टू द वीकेंड' कोणी म्हणत नाही, म्हणून तिथे गोच.

फॉर, विदाऊट, बाय, अबाउट सगळ्यांना हाच न्याय. 'थँक यू फॉर कमिंग'. आपणसुद्धा 'येण्याबद्दल आभार' म्हणतो, 'येबद्दल आभार' कुठे म्हणतो? 'भेटण्याची वाट बघतेय' मध्येही तुम्ही ते 'णं' आपसूक वापरताच.

ऐरोलीकरीण:
काका, हे 'येबद्दल' भारीच 🙏 म्हणजे 'युज्ड टू'चा घोळ पण हाच का? 'आय युज्ड टू ट्रॅव्हल' आणि 'आय ॲम युज्ड टू ट्रॅव्हलिंग'?

नौपाड्याचे_काका:
बरोब्बर. पहिलं म्हणजे पूर्वी प्रवास करायचे, आता नाही. दुसरं म्हणजे प्रवासाची सवय आहे. 'आय ॲम युज्ड टू द क्राउड' चालतं, म्हणजे तिथला टू नामवाला.

घोडबंदर_ट्युशन:
काकांचं बरोबर आहे पण ती 'णं'ची युक्ती एका ठिकाणी दगा देते, माझी नववी दहावीची पोरं दरवर्षी तिथेच आपटतात. आपण बोलताना 'जायचं ठरवलं' म्हणतो आणि 'जायचं टाळलं' पण म्हणतो, दोन्हीकडे 'जायचं'. इंग्रजीत मात्र 'डिसाइडेड टू गो' आणि 'अव्हॉईडेड गोइंग'. मराठी कानाला फरकच लागत नाही म्हणून आपलं हमखास 'अव्हॉईडेड टू गो' होतं. इथे पहिलं क्रियापद कुठलं त्यावर ठरतं. वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस, रिफ्यूज यांना टू. एन्जॉय, अव्हॉईड, फिनिश, माइंड, सजेस्ट यांना आयएनजी. टूवाली बरीचशी पुढे करायच्या गोष्टींची असतात, पण सजेस्टही पुढचंच आणि त्याला आयएनजी, तेव्हा फार विसंबू नका. थोडं पाठांतर आहेच, सॉरी.

पण काही क्रियापदांना दोन्ही चालतं आणि अर्थ बदलतो, तिथे मराठी उलट मदतीला येते. 'आय स्टॉप्ड टू ईट वडापाव' म्हणजे वडापाव खायला थांबले. 'आय स्टॉप्ड ईटिंग वडापाव' म्हणजे वडापाव खायचं सोडलं, जे माझ्याच्याने होणार नाही. तसंच रिमेंबर. 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतंय, लावून झालंय. 'रिमेंबर टू लॉक द डोअर' म्हणजे कुलूप लावायचं लक्षात ठेव, अजून लावायचंय. 'लावल्याचं' आणि 'लावायचं', इतका स्वच्छ फरक आपल्याकडे तयार आहे.

कळवा_साईड:
माझं विषय संपला मागे घेतो. पण मग लाइक? 'आय लाइक टू स्विम' की 'स्विमिंग'?

घोडबंदर_ट्युशन:
दोन्ही चालतात, रोजच्या बोलण्यात फरक नाहीच्या बरोबर. फक्त 'वुड लाइक' आलं की टूच. 'आय वुड लाइक टू स्विम'.

ऐरोलीकरीण:
सगळ्यांना थँक्यू. आज मॅनेजरचा ग्रुपवर मेसेज आलाय, 'प्लीज अव्हॉईड टू कॉल मी आफ्टर सिक्स'. मी तीन वेळा वाचला 🙈 सांगू का?

नौपाड्याचे_काका:
अप्रेझल कधी आहे?

ऐरोलीकरीण:
पुढच्या महिन्यात.

नौपाड्याचे_काका:
मग 'अव्हॉईड टेलिंग हिम'.