दोस्तांसोबत शहर पालथं घातलंय का कधी? खान्देशवाल्यांनो, लिहा तुमचे अनुभव

पांझराकाठ
काल देवपुरात माझ्या गाडीपुढे एमपी ०९ पासिंगची, म्हणजे इंदूरची गाडी उभी राहिली आणि मला एकदम गराडूचा (तिथे तळून खातात तो कंद) वास आला. खरंच आला! कॉलेज संपलं तेव्हा आम्ही पोरी इंदूरला गेलो होतो. घरी सांगितलेलं ओंकारेश्वर. तिथेही गेलोच, देवाला फसवलं नाही.

दिवसा राजवाडा पाहिला. होळकरांचा सात मजली वाडा, खाली दगड, वर लाकूड. १९८४ च्या दंगलीत जळला होता, नंतर पुन्हा उभा केला. मग काचमंदिर. भिंती, खांब, छत, अगदी पायाखालची फरशीसुद्धा काचेची. आमची एक मैत्रीण तिथे देवापेक्षा स्वतःलाच जास्त वेळ बघत होती.

पण खरी मजा रात्री. सराफ्यातली सोन्याची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर खाण्याचे ठेले लागतात. सराफांनाही ते बरंच, रात्रभर वर्दळ असली की चोराची भीती नाही, असं तिथले लोक सांगतात. भुट्टे का कीस, तळलेला गराडू वर लिंबू पिळून, खोबऱ्याचं पॅटिस, आणि जलेबा, म्हणजे एकच जिलबी पण अख्खं ताट भरेल एवढी. जोशींच्या दहीवड्यापाशी गर्दी खायला कमी आणि बघायला जास्त. दह्याचा द्रोण हवेत उडवतात आणि सांडत नाही.

धुळ्यात नऊनंतर बाहेर असलं की घरून फोनवर फोन. आणि तिथे रात्री एक वाजता आज्ज्या नातवंडांना घेऊन रबडी खात होत्या. आम्हाला कोणी 'एवढ्या रात्री कुठे?' विचारलं नाही. याला मी नाईटलाईफ म्हणते, बाकी पब वगैरे तुमचं तुम्ही बघा.

तुमचे किस्से टाका. इंदूरच पाहिजे असं नाही.

बट्टीवर तूप
तठे जाईसनी बी शेवच खादी का रे भो?

पांझराकाठ
मी भो नाही, ताई आहे. आणि हो, खाल्ली. पोह्यावर.

बट्टीवर तूप
माफ करा ताई

शिरपूरवाला
इंदूर आपल्याला मुंबईपेक्षा जवळ, पण लोकांना कळत नाही. आम्ही दोस्त लोक दुकान बंद करून रात्री निघायचो, बिजासनचा घाट चढून सेंधव्याला चहा. सकाळी छप्पन दुकानला पोहे-जिलबी, वर जिरावण, म्हणजे पोह्यावर भुरभुरायचा तिथला मसाला. तिथे आता गाड्या आत जाऊ देत नाहीत, पायी फिरायचं, छान केलंय. आणि स्वच्छता बघून लाज वाटते राव. २०१७ पासून देशात पहिला नंबर लागत आला उगाच नाही. आमच्यातल्या एकाने सवयीने पुडी रस्त्यावर टाकली तर चहावाल्यानेच उचलायला लावली. गाडीत बसेपर्यंत तो गप्प.

नंदुरबारी
आमचं इंदूर म्हणजे सुरत. भुसावळ-सुरत लाईनवर राहणाऱ्याला मुंबई कशाला. लोचो खायचा (वाफवलेल्या चणाडाळीचा मऊ लगदा, बटर, शेव, कांदा मारून), संध्याकाळी डुमसचा काळ्या वाळूचा किनारा, भजी. चांदनी पडव्याला गेलात तर घारी, मावा भरलेली तुपाळ मिठाई. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी अख्खं सुरत घारी आणि भुसू (फरसाण) घेऊन रस्त्यावर बसतं. कोणी चटई टाकून, कोणी डिकी उघडून.

नाईटलाईफचं विचाराल तर गुजरात आहे, समजून घ्या. आमच्या ग्रुपमधला एक जण सुरतेला उतरल्या उतरल्या 'सोय' विचारायला लागला. रिक्षावाला म्हणाला, भाई, सोय मागे नवापूरला राहिली.

केळीचा घड
हाहाहा नवापूर! ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये. बाकड्यावर रेघ मारलेली आहे, एक जण इकडे एक तिकडे बसून फोटो काढतात सगळे. इकडे गुटख्याला बंदी, तिकडे दारूला. एकाच बाकड्यावर दोघांनी बसायचं आणि कोणी काहीच खायचं-प्यायचं नाही

नंदुरबारी
आमचा फोटो आहे तसा. त्यातले दोघं आता व्याही होणार आहेत.

मुक्ताई
अरे वा अभिनंदन!! कुणाची पोरगी?

नंदुरबारी
इथे नको ताई, व्हॉट्सॲपवर सांगतो

भुसावळ जंक्शन
आम्ही रेल्वे कॉलनीतले, आम्हाला मुंबईशिवाय दुसरं शहर माहीत नव्हतं. बाबांच्या पासावर बालपण गेलं. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने मित्रांसोबत. सीएसएमटीला उतरून बाहेर येऊन वळून बघायचं, हा नियम. आधी बघितलं तरी पुन्हा बघायचं. २००४ मध्ये जागतिक वारसा झाली ती इमारत आणि आपण तिथे वडापाव खात उभे. काळा घोडा, गेटवे, इराण्याकडे ब्रुन मस्का, रात्री मोहम्मद अली रोड. रमजान चालू होता. मालपुवा असा की चौघांत एक संपेना. ग्रुपमधले दोन शाकाहारी फिरनीवर फिरनी खात बसले, बिलात त्यांचाच आकडा मोठा.

मरीन ड्राइव्हला गप्पा मारता मारता शेवटची लोकल गेली. मग काय, कट्ट्यावरच. पहाटे पहिली लोकल सुटेपर्यंत. एकाने तिथेच त्याचं लग्न ठरत असल्याचं सांगितलं, मुलगी त्याला आवडली नव्हती आणि घरी बोलायची हिंमत नव्हती. एरवी गावात कट्ट्यावर रोज भेटायचो, कधी बोलला नाही. तिथे अंधारात, तोंड समुद्राकडे करून बोलला.

रावेरची सून
मग लग्न झालं का त्याचं?

भुसावळ जंक्शन
झालं. दुसरीशी. सुखी आहे, आता पोरांच्या शाळेच्या फीवर बोलतो फक्त.

रावेरची सून
बरं झालं बाई. घाईत लिहितेय, कुकर लावलाय. आम्ही जावा-जावा गेलो होतो इंदूरला, मैत्रिणीच समजा. लालबाग राजवाडा बघा नक्की, फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकासारखं करवून घेतलंय. सोमवारी बंद असतो तेवढं लक्षात ठेवा. मोठ्या जाऊबाई आत गेल्यावर म्हणाल्या, एवढ्या झुंबरांची धूळ कोण पुसत असेल! दिवसभर आम्ही तेच बोलत होतो. हॉटेलचं नाव नाही सांगत पण खोलीत गरम पाणी म्हणून जे आलं ते कोमटसुद्धा नव्हतं, थंडीत तिघी केस न धुता परत.
शिट्टी झाली, येते

आसोद्याची वांगी
थंडीवरून आठवलं, कोणाकडे भरताची पार्टी आहे का या रविवारी? आमच्याकडे वांगी निघाली. कढी-पुरी तुमच्याकडे लागली.

बट्टीवर तूप
पत्ता पाठवा. धागा गेला खड्ड्यात

मुक्ताई
भरतावर जिरावण भुरभुरून बघा एकदा. इंदूरहून आणलेला डबा संपत नव्हता म्हणून टाकलं, आता मुद्दाम मागवते.

आसोद्याची वांगी
ताई पाप लागेल. भरताला हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. बस. उद्या शेवभाजीत आपली तुरखाटी शेव सोडून रतलामी टाकाल.

मुक्ताई
टाकलीये 😀

शिरपूरवाला
देवा

केळीचा घड
मूळ विषयावर येतो, मनमाड-इंदूर रेल्वेचं काय झालं कोणाला माहीत आहे? सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, ३०९ किमी, १८,०३६ कोटी. धुळे-शिरपूरवरून जाणार. झाली की शनिवारी संध्याकाळी बसायचं, सराफा करायचा, रविवारी परत. नाईटला ड्रायव्हिंग कोणी करायचं यावर आमच्यात प्रत्येक वेळी भांडण होतं, जो गाडी चालवतो तो खाऊन झोपतो आणि बाकीचे रस्ता जागवतात.

बट्टीवर तूप
हा मूळ विषय कसा काय भो. आणि मन्हा पोऱ्यानं लगीन व्हई तवय तरी ती रेल्वे येई का?

पांझराकाठ
माझे आजोबा असंच म्हणायचे, वडिलांच्या लग्नाबद्दल.

शिरपूरवाला
रेल्वेची वाट बघू नका. रंगपंचमीला चला, गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक बघू. राजवाड्यासमोर पाण्याच्या तोफांनी रंग उडवतात, इमारतींच्या वरच्या मजल्यापर्यंत जातो. माझ्या गाडीत तीन सीट आहेत. पांढरे कपडे घालू नका, ते परत पांढरे होत नाहीत. आणि ड्रायव्हिंग येत असेल त्यालाच घेणार.

रावेरची सून
तीन सीट आम्हा जावांच्या. ड्रायव्हिंग धाकटीला येतं. पण गरम पाण्याचं आधी विचारून घ्या.