टूरिंग सायकलला हबच्या (मागच्या चाकाच्या मधल्या भागाच्या) आतलेच गिअर घ्यावेत, असे माझे मत आहे

धागाकर्ता (पंचवटी):
गेल्या ऑगस्टमध्ये त्र्यंबकेश्वरहून मोखाड्यामार्गे जव्हारला जाताना सामानाने लादलेली माझी सायकल चिखलात उजव्या कुशीवर पडली आणि डिरेलरचा (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, आत वाकला. पहिला गिअर टाकला की डिरेलर आऱ्यांना घासायचा, त्यामुळे पुढचे सगळे मोठे चढ सायकल ढकलत चढावे लागले. डिरेलरच्या दोन छोट्या दातेरी चाकांमध्ये गवतासकट चिखल बसला होता, तो वरचेवर काडीने खरवडावा लागे तो वेगळाच. आपल्याकडच्या पावसात लांबचा प्रवास करायचा असेल, तर गिअर हबच्या आत, तेलात बंद असलेलेच बरे. १९९८पासून मिळणाऱ्या रोहलॉफ कंपनीच्या हबमध्ये १४ गिअर आहेत, प्रत्येक गिअर आधीच्यापेक्षा सारखाच म्हणजे सुमारे १३.६ टक्क्यांनी जड, आणि दर ५,००० किलोमीटरला तेल बदलले की काम भागते. घाटात ट्रक आडवा आला आणि जड गिअरवर थांबावे लागले, तरी पॅडल न फिरवता गिअर उतरवता येतो. सामान लादलेल्या सायकलीवर याचे मोल फार आहे.

प्रतिसाद १ (सिडको):
आपला त्रास खरा आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. हँगर हा बोटाएवढा तुकडा; जादा एक पिशवीत असला की रस्त्याच्या कडेला बदलून होतो. पेठ, सुरगाण्यासारख्या ठिकाणी सायकल दुरुस्त करणाऱ्याकडे चेन आणि केबल मिळण्याची आशा तरी असते. हबच्या आतला दाता तुटला, तर तिथे तो कोण उघडणार? त्या एका हबच्या पैशांत डिरेलरची चांगली टूरिंग सायकल येते. शिवाय पुढे ४४ व २२ आणि मागे ११ ते ३४ दात्यांची जुळणी घेतली, तर सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या ६.१८ पट पडतो. रोहलॉफचा हाच पल्ला ५.२६ पट आहे, आणि शिमानोच्या स्वस्तातल्या, आठ गिअरच्या नेक्सस ८ हबचा जेमतेम ३.०७ पट.

प्रतिसाद २ (इंदिरानगर):
एक मुद्दा राहिला. डिरेलरच्या मागच्या चाकात उजवीकडचे आरे जास्त ताणलेले असतात आणि ओझ्याखाली बहुधा तेच तुटतात. रोहलॉफच्या चाकात दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहतो.

प्रतिसाद १ (सिडको):
मान्य. मात्र धागाकर्त्यांनी आपल्या फ्रेमचे मागचे खाचे, म्हणजे मागच्या चाकाचा आस बसतो ती जागा, पाहावेत. चाक मागे सरकवण्याची सोय नसेल, तर चेन ताणायला वेगळा टेन्शनर लावावा लागतो, आणि त्यालाही तशीच दोन दातेरी चाके असतात.

धागाकर्ता (पंचवटी):
आत्ताच पाहिले, माझ्या फ्रेमचे खाचे उभे आहेत, चाक मागे सरकत नाही. म्हणजे चिखल धरणारा टेन्शनर नको असेल, तर हबबरोबर फ्रेमही बदलावी लागेल, आणि तो खर्च यंदा झेपणारा नाही. या पावसाळ्यापुरता जादा हँगर पिशवीत ठेवतो, पण पुढची फ्रेम सरकत्या खाच्यांचीच घेणार.