मदत हवी आहे: फ्लॉरेन्सच्या दारावरची चौपाकळी कशी आखायची?
इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहासाठी शिल्पकार आंद्रेआ पिसानोने ब्राँझचं दार केलं (१३३०–३६). त्याच्या २८ही चित्रांना चौपाकळी चौकट आहे, आणि दर दोन पाकळ्यांमधून चौरसाचा टोकदार कोपरा बाहेर डोकावतो. त्या कोपऱ्यांतच सगळी जान आहे! तीच चौकट ३० सेंमीच्या सागवानी फळीवर कोरायची आहे.

पाकळ्यांसाठी चौरसाच्या चारही बाजूंवर बाजूएवढ्या व्यासाची अर्धवर्तुळं काढली, तर कोपरे गायब. निम्मा व्यास घेतला, तर पाकळ्या किरकोळ दिसतात. बाजू १८, व्यास १२ बरं वाटतंय. फोटोवरून मोजलं, पण ते खालून काढलेले, वरच्या पाकळ्या चपट्या येतात. संगणक नाही, कंपास-पट्टीच आहे.

मूळ दारावर व्यास आणि बाजू यांचं प्रमाण किती आहे?