आयक्लर घरांना अजून मागणी का? रचना की नुसती हौस?

ओळंबा: कॅलिफोर्नियाच्या बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात) जोसेफ आयक्लर या बिल्डरने १९४९ नंतरच्या दीड-दोन दशकांत हजारो घरं बांधली. सनीव्हेल, क्युपर्टिनोत घर शोधणाऱ्या मराठी मंडळींना ती हमखास दिसतात. माझ्या मते ती टिकून आहेत ती सांगाड्यामुळे. छताचा भार खांब-तुळयांवर आहे, त्यामुळे जमिनीपासून छतापर्यंत काच लावता येते आणि आतल्या बऱ्याच भिंती हलवता येतात. शिवाय आयक्लर कुठल्याही वंशाच्या गिऱ्हाइकाला घर विकत असे. बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेने वंशभेदाविरुद्ध भूमिका घेतली नाही, म्हणून १९५८ मध्ये त्याने तिचा राजीनामा दिला. मला हेही मोठं वाटतं.

पन्हाळ: माणूस मोठा होता, पण छताचं काय? माळा नाही. खालून दिसणाऱ्या दीड इंची फळ्या हेच छत, वर थेट डांबर आणि खडी. उन्हाळ्यात घर तापतं, थंडीत ऊब वर निघून जाते. फुटाला पाव इंच उतार नसला की पाणी साचतं. ते फळ्यांच्या सांध्यांतून सरकत भलतीकडेच टपकतं, त्यामुळे मूळ भोक सापडत नाही. बाहेर आलेली तुळयांची टोकं तर आधी कुजतात.

ओळंबा: छप्पर बदलताना हे सगळं सुधारता येतं. खडी-डांबर काढा, कुजक्या फळ्या बदला, वर उतार दिलेले फोमचे तक्ते टाका. बंद पेशींच्या (आतले बुडबुडे बंद असलेल्या) फोमला इंचामागे साधारण आर-६ मिळतो (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, जितका जास्त तितकं चांगलं), म्हणजे तीन इंचांत आर-१८. फक्त ही जाडी कडेपासून थोडी आत थांबवा, नाहीतर छताची बारीक कड जाड दिसते आणि घराचं रूपच जातं. खालून मात्र काही ठोकू नका.

बंब: छतापेक्षा जमीन बघा. काँक्रीटच्या लादीत गरम पाण्याचे पाइप पुरलेले आहेत. कोरियन युद्धाच्या काळात तांबं टंचाईत होतं, त्यामुळे तेव्हाच्या काही घरांत पोलादी पाइप आहेत आणि ते गंजतात. तांब्याचे जास्त टिकतात, गळले तर बहुधा सांध्यापाशी. घर घेण्याआधी बॉयलर वेगळा करून पाइपांत हवेचा दाब भरायला लावा. काटा उतरला तर गळती आहे. मग गरम पाणी सोडून थर्मल कॅमेऱ्याने जागा शोधायची आणि तेवढंच काँक्रीट फोडायचं. पोलादी पाइप दोन-तीन ठिकाणी गळत असेल तर ठिगळं लावू नका, भिंतीवरचे रेडिएटर घ्या. जुन्या नऊ इंची फरशा आणि त्यांखालचा काळा गोंद तपासणीशिवाय घासू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याचे तंतू श्वासातून गेले तर घातक असतात.

पन्हाळ: म्हणजे छप्पर, पाइप, फरशी, सगळंच नवं! त्यात काच एकेरी आणि मूळची असेल तर टेंपर्डही (फुटली तर बारीक बोथट तुकडे होणारी) नाही, फुटली की लांब धारदार तुकडे. दुहेरी काच ती धरणाऱ्या जुन्या लाकडी पट्ट्यांत मावत नाही, पट्ट्या नव्याने रंधून घ्याव्या लागतात. मध्यमवर्गासाठी बांधलेलं घर आज मध्यमवर्गाला सांभाळता येत नाही, हा रचनेचाच दोष आहे.

ओळंबा: काचेचा मुद्दा मान्य. दोष रचनेचा, हे नाही. सगळ्या काचा एकदम बदलायची गरज नसते. दारांशेजारच्या आणि जमिनीला टेकलेल्या आधी टेंपर्ड करा, मग पश्चिमेच्या दुहेरी. घरामधल्या उघड्या चौकाकडच्या शेवटी.