लेखिकेने आपल्याच कादंबरीचे खुलासे करावेत का? (उर्सुला ले ग्विनचे निबंध)

रानवारा
उर्सुला ले ग्विनबाईंच्या 'अर्थसी' या फँटसी मालिकेचं पहिलं पुस्तक १९६८ चं. मला ते अकरावीत रद्दीवाल्याकडे मिळालं, मुखपृष्ठ फाटलेलं. घरात टीव्ही चालू असायचा म्हणून त्यातला जादूगार गेड स्वतःच्याच सावलीमागे होडी घालतो तो भाग मी जिन्यात बसून संपवला होता. पुढे बाईंचं मिळेल ते वाचत गेलो. कथा-कादंबऱ्या संपल्या तसा यंदा निबंधांकडे वळलो आणि आता जरा पस्तावतोय.

'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) मधल्या गेथेन ग्रहावरची माणसं एरवी ना पुरुष ना बाई. महिन्यातले मोजके दिवस दोन्हीपैकी काहीतरी होतात, या खेपेला हे, पुढच्या खेपेला ते. पण बाईंनी सगळ्यांना इंग्रजी 'ही' लावलं, म्हणजे आपला 'तो'. त्यावर टीका झाली. १९७६ च्या 'इज जेंडर नेसेसरी?' या निबंधात बाईंनी ठणकावलं की नवं सर्वनाम बनवून मी इंग्रजीची मोडतोड करणार नाही. १९८७ मध्ये त्याच निबंधाला स्वतःच टिपा जोडल्या: नाही, माझं चुकलं होतं.

झालं! आता कादंबरी उघडली की दर 'ही'पाशी ठेच लागते. बर्फावरून स्लेज ओढणारा गेथेनचा एस्ट्रावेन पूर्वी मला लख्ख दिसायचा, आता त्याच्या शेजारी लेखिका लाल पेन घेऊन बसलेली दिसते. स्वयंपाक झाला, पंगत उठली, आम्ही बोटंही चाटली. अठरा वर्षांनी येऊन "मीठ कमी होतं हो" कशाला सांगायचं?

उंबरठा
असहमत. मीठ कमी आहे हे पंगतीतल्या अनेक बायकांनी तेव्हाच सांगितलं होतं. तुमच्यापर्यंत आवाज पोचला नाही, इतकंच.

आणि बाईंनी केलं काय ते बघा ना. जुना मजकूर काढून टाकला नाही. १९७६ चं ठासून केलेलं विधान जागच्या जागी ठेवलं आणि त्याला लागून लिहिलं की हे मला आता पटत नाही. दुसऱ्या कुणी गुपचूप 'सुधारित आवृत्ती' काढून हात झटकले असते. कादंबरीलाही हात लावला नाही. 'विंटर्स किंग' ही त्याच ग्रहावरची कथा मात्र १९७५ च्या संग्रहात घेताना सगळीकडे 'ही'चं 'शी', म्हणजे 'ती', केलं आणि राजाला राजाच ठेवलं. दोन्ही वाचून बघा, मग लाल पेनाबद्दल बोलू.

अजून एक. १९७२ ला संपलेली 'अर्थसी' १९९० मध्ये 'तेहानू' या पुढच्या कादंबरीने पुन्हा उघडली. मधली वर्षं बाई निबंधांतून स्वतःशी भांडल्या नसत्या तर 'तेहानू' झालीच नसती असं माझं मत.

रानवारा
'तेहानू'चं नाव काढू नका. जादू गमावलेल्या महाजादूगाराला, आपल्या गेडला, शेळ्या राखायला पाठवलंय.

उंबरठा
तेच तर आवडलं.

खडूस काका
मी रानवारा यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. निबंधातल्या बाई मास्तरीण आहेत. 'फ्रॉम एल्फलँड टु पोकिप्सी' (१९७३) घ्या. कॅथरीन कर्ट्झच्या कादंबरीतले संवाद उचलले, चार शब्द बदलले आणि म्हणाल्या, बघा, ही फँटसी नाहीच, हे वॉशिंग्टनचं राजकारण. समोरची तेव्हा नवी लेखिका होती हो! भर वर्गात बाकावर उभं केलं तिला. आणि हा न्याय लावला तर मराठीत प्रत्येक राजपुत्राने बखरीतलं बोलायचं का? "आम्ही निघतो" म्हणत चहाला जाईल बिचारा.

उंबरठा
काका, निबंध पुरता वाचा. उगाच जुनाट भाषेचा आव आणणाऱ्यांचीही त्यात तितकीच हजेरी घेतलीय. राक्षसाच्या जखमेतून 'इकोर' (ग्रीक पुराणातलं देवांचं रक्त) वाहवणारा लेखक सातव्या दर्जाचा, असं बाईच म्हणतात. मुद्दा बखरीचा नाहीच. परक्या जगातल्या माणसाचा आवाज परका वाटतो की नाही, हा आहे.

कर्ट्झवर अन्याय झाला, हे मात्र मान्य.

अर्धा कप
तुम्ही सगळे वादाचेच निबंध घेऊन बसलात! 'नो टाइम टु स्पेअर' (२०१७) वाचा. ऐंशीच्या घरात लिहिलेल्या ब्लॉगमधलं निवडक. हार्वर्डहून, पदवीला साठ वर्षं झाल्याच्या मेळाव्यासाठी, माजी विद्यार्थ्यांची प्रश्नावली येते, "फावल्या वेळात काय करता?" गोल्फ वगैरे पर्याय दिलेले. बाई भडकतात: पुढच्या आठवड्यात मी एक्याऐंशीची होईन, माझ्याकडे फावला वेळ नाही. आणि एक अख्खा लेख नाश्त्याच्या अर्धवट उकडलेल्या अंड्यावर. कप कसला, चमचा कुठला, अंडं कुठल्या टोकाने फोडायचं. ड्रॅगन लिहिणारा हात अंडं फोडताना दिसला म्हणून माझा ड्रॅगन काही मेला नाही.

रानवारा
अंड्याला माझी हरकत नाही. अंड्यामुळे कादंबरी पुन्हा वाचावी लागत नाही. '१९८७'मुळे लागते, आणि पहिल्यासारखी वाचता येत नाही.

मांडवी काठ
सर्वनामावरून आठवलं. माझं आजोळ कोल्हापूर. मावशी अजून "मी जातो, मी आलो"च म्हणते आणि तिला कुणी पुरुष समजत नाही. इकडे गोव्यात कोंकणीत तरण्या मुलीला सर्रास 'तें' म्हणतात: तें आयलें. म्हणून मला तो वाद वाचताना वाटत होतं की बाईंना इंग्रजीऐवजी आपली भाषा मिळायला हवी होती. मग वाटलं, नको. इंग्रजीत फक्त सर्वनाम सांभाळायचं, आपल्याकडे क्रियापदही चुगली करतं. त्या कादंबरीतलं ते प्रसिद्ध वाक्य मराठीत करून बघा. "राजा गरोदर होता." इंग्रजीत धक्का एका जागी बसतो, आपल्याकडे 'होता'पाशी दुसऱ्यांदा.

खडूस काका
"राजे गरोदर होते." आदरार्थी. मिटला प्रश्न.

उंबरठा
मिटला कुठे? राणीसाहेब असत्या तर 'होत्या' झालं असतं. तुमचा आदरही पुल्लिंगीच, काका.

मांडवी काठ
मग "राजाला दिवस गेले होते." क्रियापद दिवसांच्या मागे जातं, राजा सुटला.

रानवारा
हे मात्र घेतलं. एस्ट्रावेनचं काय करायचं तेही सांगा, स्लेज अजून बर्फातच आहे.