नवी डोमेन एक्स्टेन्शन आल्याने स्पर्धा खरोखर वाढते का?

मृणाल_हातमाग
नमस्कार. '.कॉम'मध्ये हवे ते नाव शिल्लक नसल्यामुळे मी आमच्या हातमागाच्या छोट्या व्यवसायासाठी एका नव्या एक्स्टेन्शनखाली (संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी येणारा '.कॉम'सारखा भाग) नाव घेतले. पहिल्या वर्षी ते अगदी स्वस्तात मिळाले, पण नूतनीकरणाच्या वेळी कित्येक पट रक्कम मागितली गेली. तोपर्यंत दुकानाची पाटी, बिलबुके, ग्राहकांकडे असलेला ईमेल पत्ता हे सगळे त्याच नावाचे झाले होते, त्यामुळे पैसे भरण्यावाचून गत्यंतर उरले नाही. २०१२ मध्ये आयकॅनने, म्हणजे इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने, नव्या एक्स्टेन्शनसाठी अर्ज मागवले, त्यामागे स्पर्धा वाढवण्याचा हेतू असल्याचे सांगितले जाते. मग माझ्यासारख्यांच्या वाट्याला हे का येते?

जाळेकरी
मृणालताई, येथे दोन थर वेगळे करून पाहावे लागतील. किरकोळ विक्री करणाऱ्या रजिस्ट्रारांमध्ये १९९९ पासून खरी स्पर्धा सुरू झाली. त्याआधी '.कॉम'ची नोंदणी नेटवर्क सोल्युशन्स या एकाच कंपनीकडे होती आणि १९९५ पासून ती दोन वर्षांसाठी १०० डॉलर घेत असे. अनेक विक्रेते येताच दर झपाट्याने उतरले. रजिस्ट्रीचे, म्हणजे एखादे एक्स्टेन्शन चालवणाऱ्या संस्थेचे, मात्र तसे नाही. प्रत्येक एक्स्टेन्शनची रजिस्ट्री एकच असते, आणि रजिस्ट्रार बदलला तरी घाऊक दर तीच ठरवते. एकदा नाव रुजले की ते सोडण्याचा खर्च वाढीव दरापेक्षा जास्त असतो.

अमेरिकेच्या न्याय विभागाने डिसेंबर २००८ मध्येच हा धोका लेखी कळवला होता आणि रजिस्ट्री निवडताना दरांवर आधारित निविदा मागवाव्यात, असे सुचवले होते. त्याला आधारही होता: २००५ मध्ये '.नेट' चालवण्याचा हक्क नव्याने निविदेला निघाला, तेव्हा तो आधीपासून ते चालवणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीकडेच राहिला, पण ६ डॉलरचा दर आयकॅनचे शुल्क धरून ४.२५ डॉलरवर आला. २०१२ च्या फेरीत मात्र एकाच नावावर अनेक दावेदार असले आणि त्यांच्यात तडजोड झाली नाही, तर लिलाव होत असे. '.वेब' २०१६ मध्ये १३ कोटी ५० लाख डॉलरला गेले आणि त्यामागचा पैसा '.कॉम' चालवणाऱ्या व्हेरिसाइनचाच निघाला. जास्तीत जास्त रक्कम कोण देतो, एवढेच लिलावात विचारले जाते. नावधारकाला कमी दर कोण देईल, हे कोणी विचारतच नाही. मला हीच मुळातली चूक वाटते.

देवनागरी_आग्रही
आपला मुद्दा मान्य आहे, तरीही नव्या एक्स्टेन्शनचा उपयोगच नाही असे म्हणता येणार नाही. '.ऑनलाइन' आणि '.स्टोअर' चालवणारी रॅडिक्स मुंबईच्या डायरेक्टी समूहातून उभी राहिली. २०१२ ची फेरी नसती तर ही एक्स्टेन्शन चालवण्याची संधीच तिला मिळाली नसती. मात्र २०१४ पासून देवनागरीत '.भारत' उपलब्ध असूनही अनेक संकेतस्थळांवर भरायचे ऑनलाइन अर्ज आजही देवनागरी ईमेल पत्ता चुकीचा ठरवतात. नवे नाव सगळीकडे चालत नसेल, तर ते '.कॉम'शी बरोबरीने स्पर्धा कशी करणार?

जाळेकरी
अगदी बरोबर. मृणालताई, तुमच्यासाठी एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. २०१२ च्या फेरीतील रजिस्ट्रींच्या करारात कमाल दराची मर्यादा नाही, पण नूतनीकरणाचा घाऊक दर वाढवण्यापूर्वी रजिस्ट्रीने रजिस्ट्रारांना १८० दिवस आधी कळवावे आणि चालू दराने दहा वर्षांपर्यंत नूतनीकरणाची सोय ठेवावी, अशी अट आहे. म्हणून दरवाढीची बातमी कानावर येताच, मुदत संपण्याची वाट न पाहता, जमेल तितक्या वर्षांचे नूतनीकरण करून घ्या.