दूध-तूप न घालता मालवणी जेवण: वाटाणे चिवट, सोलकढीत कण, शिरवाळे तुटतात

कोकमपाणी
सहा जणांसाठी पूर्ण व्हीगन मालवणी बेत करायचा आहे: काळ्या वाटाण्याचं सांबार, वडे, भात, सोलकढी आणि गोडाला शिरवाळे (तांदळाच्या पिठाच्या शेवया, सोबत नारळाच्या दुधाचा गोड रस). रंगीत तालमीत तीन गोष्टी बिघडल्या.

१. पाव किलो वाटाणे रात्रभर भिजवून कुकरला सहा शिट्ट्या दिल्या. मीठ आणि आमसुलं आधीच घातली होती. आतून शिजले, पण साल चिवट राहिली.
२. सोलकढी रात्री करून फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी वर पांढरे कण आले. फाटली का?
३. शिरवाळे साच्यातून बाहेर पडताच तुटत होते, आणि रस गूळ घालून उकळला तर चोथापाणी झाला.

नेमकं काय चुकतंय?

पाटावरवंटा
वाटाण्यांचं आधी. दोष मिठाचा नाही, आमसुलांचा आहे. आंबट पाण्यात कडधान्याची साल सुटत नाही, मग शिट्ट्या कितीही द्या. कोकम, चिंच, टोमॅटो जे काही आंबट असेल ते दाणा बोटांत चिरडला जाऊ लागल्यावरच घालायचं.

मीठ उलट भिजवतानाच घाला. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा. सालीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तिला घट्ट धरून ठेवतं, मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल मऊ होते. १२ तास भिजू द्या. ते पाणी टाकून ताज्या पाण्यात शिजवा. मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग आच बारीक करून २०-२५ मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. नुसत्या भराभर शिट्ट्या काढल्या तर गाभा शिजतो आणि साल तशीच राहते. वाटाणे जुने असतील तर वेळ आणखी लागेल.

आता वाटप, म्हणजे वाटलेला मसाला, कारण सांबाराची सगळी चव तिथे आहे. पाव किलो वाटाण्यांना दोन मध्यम कांदे उभे चिरून, दीड वाटी खवलेला नारळ, दोन चमचे धणे, एक चमचा बडीशेप, ८ मिरी, ४ लवंगा, इंचभर दालचिनी. कांदा आणि खोबरं एकत्र भाजू नका. कांद्याला पाणी सुटतं, त्यात खोबरं आधी वाफवतं आणि मग एकदम करपतं. कांदा तेलावर तपकिरी करून बाजूला काढा, मग त्याच कढईत खोबरं मंद आचेवर कॉफीच्या रंगावर आणा. अर्धवट पिवळं सोडलं तर सांबार गोडमिट्ट लागतं, काळं केलं तर कडू. उतरवलं तरी तापलेल्या कढईत ते भाजत राहतं, म्हणून लगेच ताटात पसरा. पूर्ण गार झाल्यावरच वाटा. गरम खोबरं मिक्सरमध्ये तेल सोडतं आणि वाटप गुळगुळीत होत नाही.

वाटताना दोन डाव शिजलेले वाटाणेही त्यातच घाला. रस मिळून येतो, वेगळं पीठ लावावं लागत नाही. फोडणीत वाटप आणि दोन चमचे मालवणी मसाला तेल सुटेपर्यंत परता, वाटाणे त्यांच्या पाण्यासकट घाला आणि १० मिनिटं उकळू द्या. शेवटी चार आमसुलं, आणखी पाच मिनिटं, आणि वाढण्याआधी आमसुलं काढून घ्या. राहिली तर सांबार तासागणिक आंबट होत जातं.

नारळीपोफळी
पाटावरवंटा यांच्याशी सहमत. एकच भर: पाणी बोअरचं आणि जड असेल तर भिजवताना पाव चमचा खायचा सोडा घाला. त्याहून जास्त नको, वाटाण्याचं पिठलं होतं आणि साबणासारखी चव येते.

सोलकढीचं. ते कण बोटांत चोळून बघा. विरघळून बोट तेलकट झालं तर ती नारळाची चरबी. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे फ्रिजमध्ये हे होणारच. कढी फाटलेली नाही. अर्धा तास बाहेर ठेवून ढवळा, ती परत एकजीव होते. चोळूनही चोथ्यासारखे कण राहिले आणि खाली पाणी वेगळं दिसलं तर मात्र फाटली. ते बहुतेक गरम केल्यामुळे होतं. सोलकढीला आच दाखवायचीच नाही.

सहा जणांचं प्रमाण: १२ आमसुलं एक वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा. दोन वाट्या खोवलेला नारळ, दोन हिरव्या मिरच्या आणि चार लसूण पाकळ्या एक वाटी पाण्यात वाटून पहिलं घट्ट दूध पिळा. त्याच चोथ्यात एकेक वाटी पाणी घालून आणखी दोनदा. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम असावं. गार पाण्यात चरबी चोथ्यातच अडकते, कढत पाण्याने तेल वेगळं तरंगतं. कोकमाचं पाणी दुधात थोडं थोडं घाला, मीठ सगळ्यात शेवटी. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरणार असाल तर त्यात मीठ असतंच, आधी चाखून बघा. भांडं ॲल्युमिनियमचं किंवा बिनकल्हईचं पितळेचं नको, मातीचं किंवा काचेचं घ्या.

आणि व्हीगन पाहुण्यांसाठी हे फार महत्त्वाचं: नारळाच्या दुधाची पावडर आणणार असाल तर पाकिटावरचे घटक वाचा. बऱ्याच पावडरींमध्ये सोडियम कॅसिनेट असतं, आणि ते गाईम्हशीच्या दुधातलं प्रथिन आहे. नारळ खवून दूध काढा, प्रश्नच मिटतो.

शेवगा
शिरवाळे तुटतात म्हणजे मुटका (साच्यात घालायचा पिठाचा उकडलेला गोळा) आतून कच्चा आहे किंवा दाबेपर्यंत निवलाय. दोन वाट्या बारीक तांदळाच्या पिठाला दोन वाट्या पाणी, अर्धा चमचा मीठ, एक चमचा तेल. उकळत्या पाण्यात पीठ घाला, झाकण ठेवून चार मिनिटं बारीक आच, मग गरमच मळा. लांबट मुटके करून खळखळत्या पाण्यात सोडा. वर तरंगले की लगेच काढू नका, आणखी पाच-सात मिनिटं शिजू द्या. एक मोडून बघा: मधे पांढरं, पिठूळ वर्तुळ दिसलं तर कच्चं आहे. नीट शिजलेला मुटका मधेसुद्धा काचेसारखा किंचित पारदर्शक दिसतो.

मुटके पाण्यातच राहू द्या आणि एकेकच काढून दाबा. साच्याला आतून तेल लावा. लाकडी साचा नसेल तर चकलीच्या सोऱ्याला जाड शेवेची चकती चालते, जोर मात्र जास्त लागतो.

रसाची चूक उकळण्यात आहे. नारळाच्या दुधातलं प्रथिन उकळीने थिजतं, त्यात गुळाचा किंचित आंबटपणा, मग पाणी आणि चरबी वेगळी होणारच. पाऊण वाटी गूळ पाव वाटी पाण्यात वेगळा विरघळवून गाळा, पूर्ण गार करा आणि दोन वाट्या घट्ट दुधात मिसळा. वेलची आणि चिमूटभर मीठ. कोमट हवा असेल तर भांडं गरम पाण्यात धरा.

कोकमपाणी
सगळ्यांचे मनापासून आभार. वड्यांच्या पिठाला तुपाचं मोहन लागतं का? तेलाचं घातलं तर चालेल?

पाटावरवंटा
मोहन कसलंच नको. मोहनाने वडा खुसखुशीत होतो, फुगत नाही. गरम पाण्यात घट्ट मळा आणि चार तास झाकून ठेवा. केळीच्या पानावर थापताना कडा मधल्या भागापेक्षा पातळ राहू देऊ नका, नाहीतर तिथे भेग पडून वाफ निसटते. तेल चांगलं तापलेलं हवं, पिठाचा कण टाकल्यावर लगेच वर यायला हवा. वडा सोडला की झाऱ्याने त्यावर तेल उडवत राहा.